आर अँड डीत चालणारी मेथड प्लांटला का रुसते? (एक्यूबीडी, क्यू१४ वगैरे)

पीकशोधक
नमस्कार मंडळी. इथे फार्मावाले बरेच आहेत पण सगळे पाककृती आणि राजकारणाच्या धाग्यांवरच दिसतात, म्हणून म्हटलं एक पोटापाण्याचा धागा काढू. मी मुळशी साइडला एका आर अँड डीत एडीएलला (अ‍ॅनालिटिकल डेव्हलपमेंट लॅब) आहे, म्हणजे गोळी बनवणारे वेगळे आणि त्या गोळीत औषध किती अन् कचरा किती हे मोजायची मेथड बसवणारे आम्ही.

तर झालंय असं. रिलेटेड सबस्टन्सेसची (म्हणजे अशुद्धी मोजायची) एक ग्रेडियंट मेथड (रन चालू असताना द्रावकांचं मिश्रण बदलत जातं ती), एचपीएलसी (कॉलममधून द्रावण वाहवून घटक वेगळे करणारं मशीन), साधा सी-१८ कॉलम २५० बाय ४.६ मिमी. दोन इम्प्युरिटी एकमेकींना चिकटून येतात, त्यातली एक अ‍ॅसिड. आमच्याकडे दोघींतलं रेझोल्यूशन (दोन पीक एकमेकांपासून किती सुटे ते) २.३ यायचं, लिमिट ठेवलं किमान २.०. व्हॅलिडेशन झालं, रिपोर्टवर सह्या झाल्या, मेथड प्लांटच्या क्यूसीला गेली आणि तिथे रेझोल्यूशन १.४. सिस्टम सुटेबिलिटीच (सॅम्पल मोजायच्या आधी सिस्टीम ठीक आहे ना याची चाचणी) पास होईना. त्यांचं म्हणणं मेथड कच्ची, आमचं म्हणणं तुमचे हात कच्चे, मेलवर मेल आणि सीसीत अख्खी कंपनी.

आता वरून फर्मान आलंय की इथून पुढे सगळ्या मेथड एक्यूबीडीने (अ‍ॅनालिटिकल क्वालिटी बाय डिझाइन, म्हणजे धोके आधी ओळखून मेथड बसवायची पद्धत) करायच्या. एटीपी (मेथडने काय साधायचं ते) लिहा, रिस्क असेसमेंट करा, डीओई (अनेक फॅक्टर एकत्र हलवून आखलेले प्रयोग) करा, एमओडीआर (मेथड नीट चालते तो पल्ला) काढा. मला विचारायचंय ते हे, की या सगळ्याने वरचा घोळ टळला असता का? का नुसती फाइल जाड होणार? ज्यांनी खरंच केलंय त्यांनी सांगा, ट्रेनिंगच्या स्लाइड माझ्याकडे ढीगभर आहेत.

कुरकुंभकर
आलं शेवटी आमच्या हातांवर! मी प्लांट क्यूसीवाला, तुमच्या प्लांटचा नाही पण जात एकच. रोज सकाळी सोलापूर रोडने कंपनीच्या बसमध्ये झोपा काढत जातो त्यामुळे मेथडवर चिंतन करायला भरपूर वेळ असतो.

तीन प्रश्न. एक, तुमचा पंप कुठला आणि प्लांटचा कुठला? तुम्ही लोक नव्या यूएचपीएलसीवर बसून मेथड करता आणि आमच्याकडे जुना लो प्रेशर मिक्सिंगवाला, चार द्रावकं घेणारा क्वाटर्नरी. दोन, कॉलम ओव्हन किती डिग्रीला? तीन, बफर (पीएच स्थिर धरणारं द्रावण) काय आहे आणि पीएच किती?

मेथडमध्ये लिहिलेलं असतं "पीएच ४.५ ला अ‍ॅडजस्ट करा". अधिक-उणे किती ते नाही, बफर आधी गाळायचा का नंतर ते नाही, पीएच ऑरगॅनिक सॉल्व्हंट टाकायच्या आधी बघायचा की नंतर ते नाही. म्हणजे मीठ चवीनुसार. मग चव बदलली की आचारी वाईट.

पीकशोधक
@कुरकुंभकर :) घ्या उत्तरं. आमच्याकडे बायनरी हाय प्रेशर, प्लांटला क्वाटर्नरी. ओव्हन २५ डिग्री. बफर पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट, पीएच ४.५.

कुरकुंभकर
मग केस इथेच संपली की हो.

ड्वेल व्हॉल्यूम बघा आधी. पंपात ए आणि बी ही दोन द्रावकं जिथे मिसळतात तिथपासून कॉलमच्या तोंडापर्यंतची जागा. तुमच्या सिस्टीमला ती असेल ०.३-०.४ एमएल, आमच्यासारख्या जुन्या क्वाटर्नरीला १ एमएल किंवा वर. फ्लो १ एमएल प्रति मिनिट असेल तर तुमचा ग्रेडियंट प्लांटच्या कॉलमवर पाऊण मिनिट उशिरा पोचतो, तेवढा वेळ सुरुवातीचीच मोबाईल फेज (कॉलममधून वाहणारं मिश्रण) वाहत राहते आणि लवकर येणाऱ्या पीकची अख्खी घडी बदलते. चिकटून येणारी जोडी असेल तर बघायलाच नको.

मोजायला पैसे पडत नाहीत. कॉलम काढा, त्याच्या जागी युनियन किंवा बारीक केपिलरी लावा, ए मध्ये पाणी, बी मध्ये पाण्यात ०.१ टक्के अ‍ॅसिटोन, २० मिनिटांत ० ते १०० चा सरळ ग्रेडियंट, २६५ नॅनोमीटरला बघा. अर्ध्या उंचीला रेष खरं तर १० व्या मिनिटाला यायला पाहिजे. ती ११.१ ला आली तर १ एमएल फ्लोला तुमचा ड्वेल १.१ एमएल. दोन्हीकडे मोजा आणि मेल बंद करा.

आणि २५ डिग्री ओव्हन? पुण्यात? मे महिन्यात रात्री लॅबचा एसी बंद झाला की ज्या ओव्हनला कूलिंग नाही तो २५ कुठून आणणार, तो नुसता गरम करू शकतो. ३५ किंवा ४० ठेवा, बारा महिने सारखं राहील.

जुनाखोड
निवृत्त माणूस आहे, पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये हयात गेली, त्यामुळे तुमची नवी लघुरूपं मला पाठ नाहीत. पण फॉस्फेट आणि ४.५ हे वाचून राहवलं नाही.

फॉस्फेटचे उपयोगी पीकेए (ज्या पीएचला अ‍ॅसिड निम्मं आयनाइज्ड असतं तो आकडा) दोन, २.१ आणि ७.२. बफर म्हणून तो काम करतो त्यांच्या आसपास, एकेक युनिट इकडे तिकडे. ४.५ हे बरोबर दोन्हींच्या मधलं ओसाड माळरान आहे. तिथे फॉस्फेट असणं आणि नसणं जवळपास सारखंच, एक थेंब अ‍ॅसिड जास्त पडलं की पीएच सरकला. तरी लोक हेच वापरतात, कारण ते मीठ नुसतं पाण्यात टाकलं की पीएच साडेचारच्या आसपास आपोआप येतो आणि मीटरवर आकडा दिसला की वाटतं बफर तयार.

त्यात तुमची एक इम्प्युरिटी अ‍ॅसिड. तिचा पीकेए समजा ४.५ च्या जवळ असेल तर त्या पीएचला ती निम्मी आयनाइज्ड. पीएच ४.६ झाला की ५६ टक्के, ४.४ झाला की ४४ टक्के. ०.१ म्हणजे पीएच मीटरच्या रोजच्या चुकीएवढा फरक, त्यात पीक पुढे-मागे नाचणारच. वर ऑरगॅनिक मिसळलं की पीकेए अजून हलतात. पीएच २.५ ला या, तिथे फॉस्फेट जिवंत आहे आणि अ‍ॅसिडही बहुतेक सगळं अनआयनाइज्ड. नाहीतर ४.५ च हवा असेल तर अ‍ॅसिटेट घ्या, ४.७६ पीकेए आहे, मात्र डिटेक्शन २१० च्या खाली असेल तर अ‍ॅसिटेट स्वतःच शोषतो हे ध्यानात ठेवा.

हे सांगायला कुठलं सॉफ्टवेअर लागत नाही.

टिळकरोडची_मनू
काकांना दंडवत. पण @पीकशोधक यांच्या मूळ प्रश्नाचं उत्तर यातच आहे ना. रिस्क असेसमेंट म्हणतात ते हेच, फक्त मेथड बसवायच्या आधी करायचं. काकांना आणि कुरकुंभकरांना जे दहा मिनिटांत दिसलं ते तुमच्या टीममध्ये कुणी टेबलावर बसून विचारलंच नाही, कारण फिशबोन डायग्राम (काय काय बिघडू शकतं याचा माशाच्या काट्यासारखा तक्ता) व्हॅलिडेशन झाल्यावर क्यूए मागते म्हणून मागाहून काढला जातो. मी क्यूएमध्येच आहे, रोज बघते. मागच्या तारखेचा विचार केलेला फिशबोन लांबून ओळखू येतो, सगळ्या काट्यांवर सारखेच मुद्दे आणि सगळी रिस्क शेवटी "लो".

रेग्युलेटरीचं थोडक्यात सांगते कारण ट्रेनिंगवाले यात फार घाबरवतात. आयसीएच म्हणजे औषधांचे नियम जगभर सारखे करणारी संस्था. तिचं मेथड डेव्हलपमेंटचं क्यू१४ आणि व्हॅलिडेशनचं सुधारित क्यू२, म्हणजे क्यू२(आर२), दोन्ही नोव्हेंबर २०२३ मध्ये फायनल झाली, अमेरिकेच्या एफडीएने मार्च २०२४ मध्ये स्वतःच्या गाइडन्स म्हणून काढली, युरोपात जून २०२४ पासून लागू. यूएसपीचं (अमेरिकन फार्माकोपिया) <१२२०> चॅप्टर त्याच्याही आधी, मे २०२२ पासून. क्यू१४ मध्ये दोन रस्ते आहेत, मिनिमल आणि एन्हान्स्ड. एन्हान्स्ड सक्तीचं नाही! एमओडीआर तर नाहीच नाही. सगळ्या मेथड एक्यूबीडीने करा हे फर्मान तुमच्या कंपनीचं आहे, आयसीएचचं नाही.

मग करायचं कशाला, तर पुढे मेथडमध्ये बदल करायचा झाला की प्रत्येक वेळी रेग्युलेटरकडे धावावं लागतं ते कमी व्हावं म्हणून. समज किती आहे हे आधीच दाखवलं असेल तर काय बदललं की नुसतं कळवायचं आणि काय बदललं की परवानगी घ्यायची हे ठरवून घेता येतं. मंजुरीनंतरच्या बदलांचं जे क्यू१२ आहे त्याच्याशी जोडलेलं आहे ते. आणि एक गोष्ट मला फार आवडली, रोबस्टनेस (परिस्थिती थोडी हलली तरी मेथड टिकते का ते) आता डेव्हलपमेंटमध्ये गेलंय. आधी काय व्हायचं, मेथड गोठवायची, व्हॅलिडेशन सुरू करायचं, आणि सगळ्यात शेवटी रोबस्टनेस, तोपर्यंत सबमिशनची तारीख डोक्यावर. तिथे काही फेल झालं तरी मेथड बदलायची कुणाची हिंमत आहे? मग पीएच ०.२ ने हलवायचा तो ०.१ ने हलवतात आणि "मेथड इज रोबस्ट".

सदाशिवपेठी_स्टॅट
मनूताईंना +१. मी केमिस्ट नाही, स्टॅटिस्टिक्सवाला आहे, पण गेली काही वर्षं फार्मावाल्यांचे डेटा बघतोय म्हणून दोन गोष्टी.

पहिली एटीपीबद्दल, कारण लोक तो फॉर्म भरल्यासारखा भरतात. एटीपी म्हणजे मेथड कुठली हे न ठरवता आधी लिहायचं की मला कळायला काय हवंय आणि किती चुकलं तर चालेल. हिशोब करून बघा. गोळीचा अ‍ॅसे (औषधाचं प्रमाण) ९५ ते १०५ टक्के. बॅच खरोखर ९८ टक्क्यांची आहे, म्हणजे पास. मेथडचं स्टँडर्ड डेव्हिएशन २ असेल तर एकेकट्या निकालांपैकी शंभरात सहा-सात ९५ च्या खाली येणार, चांगली बॅच असून! मग ओओएस (मर्यादेबाहेरचा निकाल), इन्व्हेस्टिगेशन, अ‍ॅनालिस्टला ट्रेनिंग. तेच डेव्हिएशन १ वर आणलं तर हजारात एखाद-दुसरा. म्हणजे "आरएसडी (टक्क्यांतलं स्टँडर्ड डेव्हिएशन) २ पेक्षा जास्त नको" हे जे आपण पिढ्यानपिढ्या लिहीत आलोय ते या स्पेसिफिकेशनला पुरतं का हे कुणी विचारलेलं नसतं. यात बायस (सतत एकाच बाजूला होणारी चूक) तर मी धरलाच नाहीये. नवीन क्यू२ मध्ये अ‍ॅक्युरसी आणि प्रिसिजन एकत्र तपासायची मुभा आहे ती याचसाठी.

दुसरी डीओईबद्दल. एका वेळी एक फॅक्टर हलवायचा आणि बाकीचे धरून ठेवायचे, ही सवय शाळेपासूनची. पण समजा पीएच ४.४ ला तापमान वाढवलं की रेझोल्यूशन सुधारतं आणि ४.६ ला वाढवलं की बिघडतं, तर हे एकेक हलवून कधीच दिसणार नाही. पीएच, तापमान, ग्रेडियंटचा वेळ असे तीन फॅक्टर घेतले तर बॉक्स-बेहन्केन नावाच्या डीओई डिझाइनला मधले तीन धरून १५ रन लागतात. सिक्वेन्स लावून ठेवला की मशीन करतं, माणूस घरी.

पण सावधान! सॉफ्टवेअर जो हिरवा भाग दाखवतं, "यात कुठेही चालवा", तो बहुतेक वेळा सरासरी अंदाजावर काढलेला असतो. त्याच्या कडेवर उभे राहिलात तर फेल व्हायची शक्यता पन्नास टक्के आहे. एमओडीआर काढायचा तर संभाव्यतेने काढा, म्हणजे जिथे ९५ टक्के खात्री आहे तेवढाच भाग. तो बराच लहान निघतो आणि मग मॅनेजमेंटला स्लाइडवर दाखवायला मजा येत नाही.

जुनाखोड
स्टॅटसाहेबांचं वाचून गंमत वाटली. डीओई म्हणजे फार आधुनिक असं तरुण मंडळींना वाटतं. आम्ही पेनिसिलीन-स्ट्रेप्टोमायसीनची पोटेन्सी काढायचो ती जंतू पेरलेल्या अ‍ॅगार (जेलीसारखा थर) प्लेटवर, औषधाच्या भोवती जंतू न वाढलेलं वर्तुळ पडतं त्याचा व्यास मोजून. स्टँडर्डचे दोन डोस, सॅम्पलचे दोन डोस, मोठ्या प्लेटवर लॅटिन स्क्वेअरने मांडायचे म्हणजे प्लेटच्या एका कडेला जास्त वाढ झाली तरी सगळ्यांना सारखा फटका. व्हेरियन्सचं गणित हाताने. एचपीएलसी आली आणि मशीनवर चार दशांश दिसायला लागले तसे लोक हे विसरले.

मुक्तछंद
मला यातलं ओ की ठो कळत नाही, पण धागा वर दिसत होता म्हणून वाचला. प्रामाणिक प्रश्न, माझ्यासारख्या गोळी गिळणाऱ्याला याने काय फरक पडतो? मेथड चुकली तर लॅबवाल्यांचा वेळ जाईल, अजून काय.

पीकशोधक
@मुक्तछंद चांगला प्रश्न. रॅनिटिडीन घेतली असेलच कधीतरी, अ‍ॅसिडिटीवर घरोघरी होती. २०१९ मध्ये तिच्यात एनडीएमए नावाची कॅन्सरकारक अशुद्धी सापडल्याची बातमी आली. त्याच्या आदल्या वर्षी व्हॅल्सार्टन या बीपीच्या गोळीत हीच सापडली होती म्हणून सगळे आधीच हादरलेले. एनडीएमएची चालणारी मर्यादा दिवसाला ९६ नॅनोग्रॅम, रोज ३०० मिलिग्रॅम रॅनिटिडीन घेणाऱ्यासाठी म्हणजे ०.३२ पीपीएम. आणि सुरुवातीचे काही आकडे याच्या कितीतरी हजार पट!

झालं असं होतं की ते टेस्टिंग जीसी-एमएसने (सॅम्पलची वाफ करून तपासणारं मशीन) केलेलं, त्यात सॅम्पल चांगलंच तापवतात आणि रॅनिटिडीनचा रेणूच असा आहे की तापवला की त्यातून एनडीएमए तयार होतो. मेथड जे शोधतेय ते मेथडच बनवतेय. एफडीएने मग सॅम्पल न तापवता एलसी-एचआरएमएसने (द्रवातच वेगळं करून रेणूचं वस्तुमान बारकाईने मोजणारं मशीन) तपासा म्हणून सांगितलं, आकडे खूप खाली आले. पण गोळी सुटली नाही हां, कारण नंतर दिसलं की साठवणीत, विशेषतः उष्णतेत, एनडीएमए खरोखरच वाढत जातो, आणि एप्रिल २०२० मध्ये अमेरिकेत ती बाजारातून काढायला लावली. पहिला आकडा खोटा, काळजी मात्र खरी, आणि दोन्ही वेगवेगळं करून दाखवायला योग्य मेथडच लागली.

मेटफॉर्मिनची त्याहून बारीक. तिथे डीएमएफ या सॉल्व्हंटचे अंश असले तर त्याच्या जड नायट्रोजनवाल्या रेणूचं वस्तुमान आणि एनडीएमएचं वस्तुमान यात फरक दशांशाच्या तिसऱ्या घरात. मशीनची मास अ‍ॅक्युरसी तेवढी कडक ठेवली नाही आणि दोन्ही पीक एकाच वेळी आले तर डीएमएफलाच एनडीएमए समजून आकडा फुगतो. डायबिटीसची रोजची गोळी, लाखो लोकांची. अशी बॅच उगाच फेकली तरी नुकसान आणि खरी खराब बॅच सोडली तरी.

जुनाखोड
आणि आपल्याकडचं १९८६ विसरू नका. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरॉलमध्ये (म्हणजे ग्लिसरीनमध्ये) विषारी डायएथिलीन ग्लायकॉल निघालं, १४ रुग्ण गेले, चौकशीला लेंटिन आयोग बसला. दोन्ही द्रव दिसायला सारखेच, गोडसर, घट्ट. आज ग्लिसरीनच्या ओळख-चाचणीतच डायएथिलीन ग्लायकॉल ०.१ टक्क्याच्या वर नाही हे जीसीने बघावं लागतं. कशापासून वेगळं ओळखायचंय हे चाचणीत लिहिलेलं असणं म्हणजे काय ते यावरून समजेल.

मुक्तछंद
बापरे. प्रश्न मागे घेतो. वाचतोय.

भोसरीचा_भाऊ
तुमचं सगळं मोठ्या कंपन्यांचं चाललंय. आमचं छोटं युनिट, लोन लायसन्सची (दुसऱ्याचं औषध आपल्या युनिटमध्ये बनवायची) कामं, क्यूसीत चार माणसं अन् दोन एचपीएलसी, त्यातली एक गुरुवारी वीज गेली की यूपीएसवर कुरकुरत राहते. आम्ही आयपीच्या (भारतीय फार्माकोपिया) मोनोग्राफची, म्हणजे त्या औषधाच्या छापील मानकातली मेथड उचलतो आणि व्हेरिफिकेशन करतो, डेव्हलपमेंट कोण करतंय. सुधारित शेड्युल एम (औषध कारखान्यांचे सरकारी नियम) आलं तेव्हापासून कागद तसेही वाढलेत. पंधरा रनचं अ‍ॅसिटोनायट्राइल कोण देणार?

कुरकुंभकर
@भाऊ फार्माकोपियाची मेथड असली तरी ड्वेल आणि पीएचचा त्रास तोच. तुम्हाला डीओई नको, फक्त आपल्या सॅम्पलवर आपल्या मशीनवर कुठली जोडी नाजूक आहे ते शोधून सिस्टम सुटेबिलिटी त्या जोडीवर बघा. आणि दर सिक्वेन्सचं रेझोल्यूशन, टेलिंग (पीकची शेपटी), स्टँडर्डचा आरएसडी एका चार्टवर टाकत चला. <१२२०> मधला तिसरा टप्पा म्हणजे हाच, मेथड वापरात असताना तिच्यावर लक्ष. एक्सेलमध्ये होतं. कॉलम मरायला लागलाय हे आठवडाभर आधी कळतं.

अ‍ॅसिटोनायट्राइलचं म्हणाल तर २००८-०९ आठवतं का? ते अ‍ॅक्रिलोनायट्राइलच्या कारखान्यातलं बायप्रॉडक्ट, मंदीत तिकडचं उत्पादन घटलं, चीनने ऑलिम्पिकसाठी कारखाने बंद ठेवले, अमेरिकेत चक्रीवादळ, आणि जगभर टंचाई. तेव्हापासून मी मेथनॉलवर होतंय का ते आधी बघतो. आणि कॉलम लहान करा, २५० बाय ४.६ वर तासाभराचा रन म्हणजे ६० एमएल, १०० बाय २.१ वर ०.४ फ्लोने दहा मिनिटांत ४ एमएल. मशीनने साथ दिली पाहिजे एवढंच.

एमफार्म_सेम३
नमस्कार सर, मॅडम. मी पुण्यातच एमफार्मला आहे. मला प्रोजेक्टला "क्यूबीडी अप्रोचने दोन औषधांच्या कॉम्बिनेशनची आरपी-एचपीएलसी मेथड" घ्यायचं डोक्यात आहे. बॉक्स-बेहन्केन लावणार, रिस्पॉन्स रिटेन्शन टाइम आणि टेलिंग. चालेल का?

सदाशिवपेठी_स्टॅट
स्पष्ट बोलतो, राग मानू नकोस. असे पेपर शेकड्याने आहेत. दोन औषधं, जी कुठल्याही सी-१८ वर कशीही वेगळी होतात, त्यावर पंधरा रन करायचे आणि रिस्पॉन्स म्हणून रिटेन्शन टाइम! रिटेन्शन टाइम पाच मिनिटं आला काय आणि सहा आला काय, पेशंटला काय त्याचं? जिथे वेगळं व्हायला त्रास होतोय तिथे डिझाइन लाव. रिस्पॉन्स सगळ्यात वाईट जोडीचं रेझोल्यूशन.

टिळकरोडची_मनू
म्हणजे कॉम्बिनेशन घेतलंस तरी चालेल पण डिग्रेडेशन प्रॉडक्टसकट घे. अ‍ॅसिड, बेस, पेरॉक्साइड, उष्णता, प्रकाश, सगळं करून जे जे पीक येतात त्यांना वेगळं करायची मेथड. तिथे तुझं बॉक्स-बेहन्केन कामाला येईल आणि व्हायव्हाला बोलायला पण काहीतरी असेल. आणि एटीपी पहिल्या दिवशी लिही, थिसिस बाइंड करायच्या आदल्या रात्री नको.

एमफार्म_सेम३
धन्यवाद मॅडम, सर. आमच्या कॉलेजात एचपीएलसी एकच आहे आणि नंबर लावावा लागतो, मग डिग्रेडेशन आत्ताच सुरू करतो, मशीन मिळेपर्यंत सॅम्पल तयार राहतील.

कुरकुंभकर
सॅम्पल काढल्या काढल्या न्यूट्रलाइज करून फ्रीजमध्ये टाक, नाहीतर नंबर येईपर्यंत ते आपलं आपलं तुटतच राहील. आणि ५ ते २० टक्के तुटलं की थांब, त्याच्या पुढे जे निघतं ते तुटलेल्याचं तुटलेलं असतं, गोळीत ते सहसा येत नाही. न तुटलेला कंट्रोल आणि ब्लँक पण त्याच दिवशी ठेव, हे नव्वद टक्के पोरं विसरतात.